आंधळ्या कवीनं कानासाठी लिहिलेलं महाकाव्य: मिल्टन अजून कोण कोण वाचतंय?

ओसरी

जॉन मिल्टन ह्या सतराव्या शतकातल्या इंग्रज कवीचं 'पॅराडाइज लॉस्ट', म्हणजे बायबलमधल्या ॲडम-ईव्हच्या पतनाचं महाकाव्य, इंग्रजी घेऊन बीए केलेल्या बहुतेकांनी परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. पहिला सर्ग, त्यातली सैतानाची भाषणं, 'ग्रँड स्टाइल' म्हणजे त्याच्या भारदस्त शैलीवर एक टीप, आणि निकाल लागला की पुस्तक माळ्यावर. निवृत्तीनंतर मी ते पुन्हा हातात घेतलं. ह्या वेळी रोज थोडं थोडं, मोठ्यानं वाचत गेलो. आता ते सुटत नाही, आणि का सुटत नाही ते मांडावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे काव्य डोळ्यांसाठी लिहिलेलंच नाही. मिल्टनची दृष्टी १६५२ पर्यंत पूर्ण गेली होती. १६६० मध्ये इंग्लंडात राजेशाही परत आली आणि ज्या प्रजासत्ताकासाठी त्यानं वीस वर्षं लेखणी झिजवली ते बुडालं. त्याची पुस्तकं लंडनमध्ये जल्लादाच्या हातून जाळली गेली, त्याला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. मग १६६५ चा प्लेग, १६६६ ची आग. ह्या सगळ्यात हा माणूस रात्री अंथरुणात ओळी जुळवायचा आणि सकाळी कोणीतरी लिहून घेणारा येईपर्यंत त्या डोक्यात धरून ठेवायचा. लेखनिकाला उशीर झाला की म्हणायचा, माझं दूध काढायचं राहिलंय. त्याचा भाचा एडवर्ड फिलिप्स सांगतो की दहा, वीस, तीस ओळींचे तुकडे त्याच्याकडे तपासायला यायचे, आणि शरद ते वसंत एवढ्याच काळात मामाला काव्य सुचायचं.

म्हणजे दहा हजारांहून जास्त ओळी कानानं रचल्या, कानानं तपासल्या, कानानं दुरुस्त केल्या. कागदावर नुसत्या नजरेनं वाचायला गेलं की त्या अंगावर येतात. पहिलंच वाक्य सोळा ओळींचं आहे, आणि 'गा' हे क्रियापद सहाव्या ओळीत येतं. मानवाची पहिली आज्ञाभंगाची चूक, ते निषिद्ध फळ, जगात आलेला मृत्यू, हरवलेली ईडनची बाग, मग एक थोर मानव येऊन आपल्याला सावरेपर्यंतचा काळ, हे सगळं आधी, आणि मग, हे स्वर्गीय सरस्वती, हे गा! ज्यांच्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटीच येतं त्या आपल्याला खरं तर ह्यात अडखळायचं काही कारण नाही. मोठ्यानं म्हणा, श्वास कुठे घ्यायचा ते ओळ आपोआप सांगते.

आणि तिसऱ्या सर्गाची सुरुवात. नरकाचा अंधार संपवून कवी प्रकाशाला नमस्कार करतो आणि मध्येच स्वतःबद्दल बोलायला लागतो. वर्षाबरोबर ऋतू फिरून येतात, माझ्याकडे दिवस फिरून येत नाही. ना सकाळ-संध्याकाळची गोड चाहूल, ना वसंतातला बहर, ना उन्हाळ्यातला गुलाब, ना गुरांचे कळप, ना माणसाचा दैवी चेहरा. ह्या यादीचा क्रम बघा. चेहरा सर्वांत शेवटी ठेवलाय. तिथे माझा आवाज दर वेळी थांबतो.

तुमच्यापैकी कोणी वाचतं का हे? कशासाठी वाचता?

रानवाट

छान धागा. एक प्रामाणिक शंका. बायबल नीट वाचलेलं नाही, ग्रीक-लॅटिन पुराणं माहीत नाहीत, अशा वाचकानं ह्याच्या वाटेला जावं का? दर पानाखाली अर्धं पान टिपा असतात असं ऐकून आहे.

ओसरी

रानवाट, जरूर जावं. ज्ञानेश्वरी ऐकायला बसणाऱ्या सगळ्यांना सांख्य आणि वेदान्त पाठ असतो असं थोडंच आहे? आधी ओवी कानात बसते, अर्थ मागून येतो. गोष्ट तर जगाला माहीत असलेली आहे: एक बाग, एक जोडपं, एक झाड, एक मनाई. टिपा दुसऱ्या वाचनाला ठेवा.

कातळ

मी सैतानासाठी वाचायला लागलो आणि ते लपवायचं काही कारण नाही. सैतान हाच खरा नायक, असं म्हणणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. कवी विल्यम ब्लेक तर म्हणाला की मिल्टन नकळत सैतानाच्याच बाजूचा होता. आपल्याकडे कर्णावर जीव टाकणाऱ्यांना हे ओढलं जाणं वेगळं समजवायला नको.

पहिल्या दोन सर्गांत तो काय बोलतो! देवाविरुद्ध बंड करून नरकातल्या जळत्या तळ्यात आपटलाय, सगळं हरलाय, आणि उठून म्हणतो, मन ही स्वतःच एक जागा आहे, ते नरकाचा स्वर्ग करू शकतं आणि स्वर्गाचा नरक. त्याच्या ढालीचं वर्णन करताना मिल्टन म्हणतो की ती खांद्यावर चंद्रासारखी दिसत होती, आणि तो चंद्रही कोणता, तर तस्कनीतला तो कलावंत दुर्बिणीतून बघतो तो. हा कलावंत म्हणजे गॅलिलिओ. तरुणपणी इटलीत गेलेला असताना त्याची भेट घेतल्याचं मिल्टननं स्वतःच लिहून ठेवलंय.

पण पुढे वाचत गेलं की मिल्टन काय करतो ते दिसतं. चौथ्या सर्गात सैतान एकटा असतो, ऐकायला सैन्य नसतं, आणि तोंडून खरं निघतं: मी कुठेही पळालो तरी तिथे नरकच, कारण मीच नरक आहे. पहिल्या सर्गातली 'मन ही स्वतःच एक जागा' ही गर्जना इथे उलटून त्याच्याच अंगावर येते. तिथून त्याची उतरण सुरू होते. झोपलेल्या ईव्हच्या कानाशी तो बेडूक होऊन बसतो, मग साप होतो. दहाव्या सर्गात विजयाची बातमी घेऊन नरकात परततो, भाषण संपवतो, टाळ्यांची वाट बघतो, तर सभेतून नुसता फूत्कार ऐकू येतो, कारण सगळेच साप झालेत, आणि क्षणात तोही. ज्याची सगळी ताकद वक्तृत्वात होती त्याची जीभ दुभंगते. पहिल्या दोन सर्गांवर थांबणारे अभ्यासक्रम वाचकाला इथपर्यंत आणतच नाहीत, ह्याचं मला फार वाईट वाटतं. सैतानावर प्रेम बसू देणं आणि मग त्या प्रेमाचा हिशेब मागणं ही दोन्ही कामं ह्या कवीनं केलीत.

पानगळ

कातळ, उतरणीचं अगदी पटलं. पण सगळे सैतानाबद्दल बोलतात, म्हणून मी ईव्हबद्दल लिहिते.

मिल्टन बायकांच्या बाबतीत त्याच्या काळाचाच माणूस होता. 'तो देवासाठी, ती त्याच्यातल्या देवासाठी' ही चौथ्या सर्गातली ओळ आहे आणि तिच्यावर पांघरूण घालू नये. आंधळेपणात मुलींकडून त्यांना अर्थ न कळणाऱ्या भाषांतली पुस्तकं वाचून घ्यायचा, हेही फिलिप्सनंच लिहून ठेवलंय. त्या मुलींवर काय बेतलं असेल ह्याचा विचार मी नेहमी करते.

पण कवितेतली ईव्ह कवीच्या मतांपेक्षा मोठी झालीय. नवव्या सर्गातला एक प्रसंग बघा. ती सकाळी एकटी काम करायला गेलीय. इकडे ॲडमनं तिच्यासाठी फुलांची माळ गुंफलीय, तिच्या केसांत घालायला. ती परत येते, फळ खाल्ल्याचं सांगते, आनंदात, गाल लाल झालेले. ॲडम काहीच बोलत नाही. त्याच्या ढिल्या पडलेल्या हातातून ती माळ खाली गळते आणि गुलाब कोमेजून विखुरतात. ईडनमध्ये तोवर काहीच कोमेजलेलं नाही. मृत्यू जगात आला हे कोणी सांगायच्या आधी ते गुलाबांना कळलंय. मग ॲडम मनाशी बोलतो, तुझ्यावाचून मी कसा जगू, आणि फळ खातो. मिल्टन स्पष्ट म्हणतो की तो फसला नव्हता. तिच्यावरच्या मायेनं, उघड्या डोळ्यांनी त्यानं ते खाल्लं.

आणि दहावा सर्ग! दोघं भांडतायत, ॲडम तिला साप म्हणतो, नको नको ते बोलतो. तेव्हा ती त्याच्या पायांशी येते आणि म्हणते, मला असं टाकू नकोस, शिक्षा सगळी माझ्यावर येऊ दे, फक्त माझ्यावर, माझ्यावर. आता तिसरा सर्ग काढा. तिथे देवाचा पुत्र मानवासाठी पुढे होतो आणि म्हणतो, त्याच्याऐवजी मला घे, तुझा राग माझ्यावर पडू दे. तोच 'मी, माझ्यावर'चा घोष. ख्रिस्ताच्या तोंडची लय मिल्टननं जाणूनबुजून ईव्हच्या तोंडी दिलीय. मनुष्यजातीतलं पहिलं भांडण मिटवण्याचा मान तिचा. आणि अख्ख्या काव्यातलं शेवटचं बोलणंही तिचंच आहे. बाराव्या सर्गात सगळं उपदेशपर्व संपल्यावर ती ॲडमला म्हणते, तुझ्याबरोबर जाणं म्हणजे इथेच राहणं. त्यानंतर पात्रांपैकी कोणीच बोलत नाही. मला ह्या काव्यात परत परत आणतं ते हे.

शुक्रतारा

+१ पानगळ. माळेचा तो प्रसंग लक्षातच आला नव्हता. आज काढून वाचते.

जुनी वही

मी थोडा वेगळा सूर लावतो. अठराव्या शतकातल्या डॉ. जॉन्सन ह्या इंग्रज समीक्षकानं मिल्टनला थोर मानूनही लिहून ठेवलंय की हे काव्य ह्याहून लांब असतं तर बरं, असं कोणालाच कधी वाटलेलं नाही. मला पाचव्या ते आठव्या सर्गांत जॉन्सन आठवतो. देवदूत राफेल जेवायला बसतो आणि सांगत सुटतो. स्वर्गातल्या युद्धात तर देवदूत मारलेच जाऊ शकत नाहीत, मग लढाईत जीव कशाचा टांगणीला लागणार?

माझी निष्ठा 'बेओवुल्फ' ह्या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्यावर आहे. ३१८२ ओळी. मिल्टनच्या सहा-साडेसहा शतकं आधी लिहिलेलं एकच हस्तलिखित, तेही १७३१ च्या आगीत कडा करपून वाचलेलं. जुनी इंग्रजी येत नसेल तर आयरिश कवी शेमस हीनीचं १९९९ चं भाषांतर घ्या, तेही मोठ्यानं वाचायचंच आहे. ओसरी, तुमचा कानाचा मुद्दा इथे दुप्पट लागू पडतो. ह्यात यमक नाही, ओळीच्या दोन अर्ध्यांना सारख्या आद्याक्षरांनी बांधलेलं असतं. ग्रेंडेल हा राक्षस दरबाराकडे येतो तो प्रसंग बघा. काळ्या रात्रीतून आला. मग काही ओळींनी, दलदलीतून, धुक्याच्या कड्यांखालून आला. मग पुन्हा, दिवाणखान्याशी आला. तीनदा 'आला', आणि दर वेळी जवळ. त्याचं वर्णन जवळजवळ नाहीच. डोळ्यांतून ज्वाळेसारखा अभद्र उजेड येत होता, एवढंच. बाकी सगळं ऐकणाऱ्यावर सोडलंय.

आणि शेवट. म्हातारा बेओवुल्फ अजगराला मारतो आणि त्यातच मरतो. अकरा साथीदारांपैकी दहा रानात पळालेले, एकटा विग्लाफ त्याच्याजवळ. चितेपाशी एक बाई, केस बांधलेली, नाव नसलेली, गाते की आता आपल्यावर वाईट दिवस येणार, शत्रू चालून येणार. नेमकी तिथेच हस्तलिखिताची पानं इतकी खराब झालीत की अक्षरं अंदाजानं लावावी लागतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किननं १९३६ च्या व्याख्यानात बजावलं की हे काव्य इतिहासाची खाण म्हणून उकरू नका, त्यातले राक्षस कवितेच्या मध्यभागी आहेत, तिथेच त्यांना राहू द्या. माझ्या मते बेओवुल्फवर ह्याहून मोलाचं कोणी लिहिलेलं नाही.

ओसरी

जुनी वही, स्वर्गातल्या युद्धाबद्दल तुमचं खरं आहे, तिथे मीही भराभर पुढे जातो. पण सातवा सर्ग सोडू नका. सृष्टी होताना सिंह अर्धा जमिनीतून बाहेर आलाय आणि मागचं अंग सोडवायला पंजांनी माती उकरतोय, हे दृश्य आंधळ्या माणसाला दिसलंय.

बेओवुल्फबद्दल मात्र मनापासून सहमत. मला तर दोन्ही काव्यांचं नातं दिसतं. दोन्ही हरण्याबद्दल आहेत. एकात राजा आणि राज्य जातं, दुसऱ्यात बाग जाते, आणि ती लिहिणाऱ्याचं स्वतःचं राज्यही गेलेलं आहे. जिंकल्याची महाकाव्यं दरबारात वाचतात. ही तशी नाहीत.

वाटसरू

जरा कडू बोलतो, राग मानू नका. हे सगळं आपल्या माथी अभ्यासक्रमातून मारलं गेलं. साहेबाची भाषा आपल्याला थोर वाटावी म्हणून मिल्टन, आणि आपण दीडशे वर्षं तो घोकतोय. आपल्याकडे महाकाव्यांची वाण आहे का?

कातळ

वाटसरू, राग कशाला, प्रश्न रास्त आहे. मिल्टन अभ्यासक्रमातून आला हे खरंच. पण ज्यांनी शिकवला त्यांना तो कितपत झेपला असता ह्याची मला शंका आहे. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाल्यावर, जुलमी राजाला जाब विचारून शिक्षा करण्याचा हक्क प्रजेला आहे असं छापून मांडणारा हा माणूस. १६४४ मध्ये छपाईपूर्व परवान्याविरुद्ध पुस्तिका काढणारा हा माणूस, आणि ती पुस्तिकाही परवाना न घेता काढलेली. साम्राज्यानं आपल्या हाती नेमका राजद्रोह्याचा ग्रंथ दिला.

आणि आपल्या लोकांनी तो घोकला नाही, वापरला. मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्ये बंगालीत 'मेघनादवध' लिहिलं, मिल्टनसारखंच यमकाचं बंधन झुगारून, आणि सहानुभूती दिली रावणाला आणि मेघनादाला. मिल्टन पचवल्याशिवाय असं काव्य होत नाही. मराठीत सावरकरांचं वैनायक वृत्त इंग्रजी निर्यमक (यमक नसलेल्या) छंदाच्या धर्तीवरच आलं. तिकडे अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स तुरुंगात हेच काव्य वाचत होता आणि त्यानं सैतानात युरोपच्या राजेमहाराजांना पाहिलं. ज्याला जे लढायचंय त्याला ते ह्या काव्यात सापडतं.

मांडवीकाठ

वाटसरूंच्या प्रश्नाला गोव्याकडून एक उत्तर. हीच कथा, हाच ॲडम, हीच ईव्ह, हाच साप, मिल्टनच्या आधी अर्धं शतक मराठीत महाकाव्य होऊन छापली गेलीय! आणि लिहिणारा इंग्रजच.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला. हिंदुस्थानात स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून बहुधा त्याचंच नाव घेतलं जातं. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, तेव्हा मिल्टन सात-आठ वर्षांचं पोर होता. दहा हजारांवर ओव्या, दोन भाग: पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. एकमेकांची खबर ह्या दोघांना असणं शक्य नाही. पण एक इंग्रज आपल्या भाषेत यमक टाकून देतो आणि दुसरा आपल्या ओवीत तीन चरणांचं यमक जुळवत बसतो, हे शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. मराठीबद्दलची त्याची ही ओवी तुम्ही ऐकली असेल:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा ।
कि रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा ।
भासा मराठी ॥

धर्मप्रसारासाठी लिहिलं हे खरं, आणि त्या काळातल्या गोव्यात धर्मप्रसार कसा चालला होता तेही आम्ही विसरलेलो नाही. तरीही ओवी ओवीच आहे. माझी आजी ख्रिस्ती नव्हती, पण तिला ह्यातल्या ओव्यांची चाल यायची.

शुक्रतारा

मांडवीकाठ, हे आज कुठे वाचायला मिळेल?

मांडवीकाठ

१९०७ ची मंगळूरची सालढाणांची आवृत्ती रोमन लिपीत आहे. देवनागरीत शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्याहून संपादित केलेली प्रत जुन्या ग्रंथालयांत असते. फादर नेल्सन फाल्काव ह्यांनी २००९ मध्ये आजच्या मराठी गद्यासह काढलेली आवृत्ती नव्या वाचकाला सोयीची.

पारंबी

वनस्पतीशास्त्राची माणूस म्हणून एवढंच जोडते. नवव्या सर्गात फळ खाल्ल्यावर दोघांना आपण उघडे असल्याची लाज वाटते आणि ते अंजिराची पानं शोधतात. मिल्टन म्हणतो, हे फळासाठी प्रसिद्ध अंजीर नव्हे, तर मलबार किंवा दख्खनमध्ये हिंदी लोकांना ठाऊक असलेलं झाड, ज्याच्या वाकलेल्या फांद्या जमिनीत मुळं धरतात आणि आईच्या झाडाभोवती लेकी वाढतात, खांबांचं दालन होतं, आतून चालताना आवाज घुमतो. तिथे ऊन टाळायला गुराखी बसतो आणि दाट पाल्यात खिडक्या पाडून चरणाऱ्या गुरांवर नजर ठेवतो.

हा आपला वड! 'दख्खन' हा शब्द त्या ओळीत आहे. जेरार्ड ह्या इंग्रज वनस्पतीज्ञाच्या १५९७ च्या ग्रंथातून हे वर्णन त्याच्याकडे आलं असं मानतात. त्यामुळे एक घोटाळाही आलाय: पानं ग्रीक पुराणातल्या अमेझॉन वीरांगनांच्या ढालीएवढी रुंद म्हटलीत, आणि वडाचं पान तर तळहाताएवढं असतं. पण पारंब्यांना 'लेकी' म्हणणं आणि गुराख्याच्या त्या खिडक्या, हे मी कुठल्याही शास्त्रीय वर्णनाच्या वर ठेवेन. ज्या झाडाला आपल्याकडे बायका जन्मोजन्मीच्या सोबतीसाठी सूत गुंडाळतात, त्याच झाडाखाली हे पहिलं जोडपं एकमेकांपासून अंग लपवतं. मिल्टनला ते ठाऊक असण्याचं कारण नाही, पण मराठी वाचकाला ते दिसल्याशिवाय राहत नाही.

वाटसरू

दख्खनची गोष्ट माहीत नव्हती. कातळ, राजद्रोहाचा मुद्दाही मान्य. अभ्यासक्रमानं लादण्याबद्दलचा माझा राग आहे तसाच राहील, पण तो कवीवर नको, एवढं कबूल.

रानवाट

मग सुरुवात कुठून करू? आणि एकट्यानं मोठ्यानं वाचायचा संकोच वाटतो.

ओसरी

नवव्या सर्गापासून. जुनी वही रागावतील, पण पहिल्यापासून सुरुवात करून अनेक जण सहाव्याला थकतात. नवव्यात सगळं आहे: नवरा-बायकोचा सकाळचा वाद, सापाचं गोड बोलणं, पानगळ ह्यांनी सांगितलेली माळ, पारंबी ह्यांचा वड. सुमारे बाराशे ओळी आहेत, दोनेक तासांत मोठ्यानं वाचून होतो. मग दहावा, मग मागे जाऊन पहिला. १६६७ च्या पहिल्या आवृत्तीत काव्य दहा सर्गांचं होतं, १६७४ मध्ये बारा झाले. म्हणून जुन्या प्रतीचं डिजिटल रूप बघितलंत तर हाच सर्ग आठवा दिसेल, गोंधळू नका.

आणि एकट्यानं कशाला? अमेरिकेतल्या काही कॉलेजांत अख्खं काव्य एका बैठकीत आळीपाळीनं वाचतात, त्याला मिल्टन मॅरेथॉन म्हणतात. पारायणाची सवय असलेल्या आपल्याला हे जड जाऊ नये. आपण ऑनलाइन एक सर्ग तरी वाचूया. निवेदन मी करतो.

पानगळ

ईव्ह माझी. पण नवव्याबरोबर दहाव्यातलं तिचं ते बोलणंही घेऊया, नाहीतर ती दोषी ठरून तिथेच थांबते.

कातळ

साप घेतला.

मांडवीकाठ

तुमचं झालं की ख्रिस्तपुराणातला हाच प्रसंग मी ओव्यांच्या चालीवर म्हणेन. वाटसरू, ॲडमला आवाज लागेल, येताय का?

वाटसरू

येतो. मजकूर पाठवा, आधी दोनदा वाचून ठेवतो.